पूर्वराग आणि परका माणूस: मालिकांतील प्रेम, प्रवास आणि एक नैतिक प्रश्न

१

विप्रलंभ शृंगाराच्या प्रकारांत विश्वनाथाने पूर्वरागाला पहिले स्थान दिले आहे. प्रत्यक्ष मीलनापूर्वी जडलेली प्रीती म्हणजे पूर्वराग. ही प्रीती कशी उत्पन्न होते, याचीही नोंद ‘साहित्यदर्पणा’त आहे. दूत, भाट किंवा सखी यांच्या तोंडून गुणवर्णन ऐकल्याने ती उत्पन्न होते, किंवा दर्शनाने. हे दर्शन साक्षात असू शकते, चित्रातले असू शकते, स्वप्नातले असू शकते, तसेच इंद्रजालातलेही असू शकते. पदव्युत्तर वर्गात हा भाग शिकविताना एका विद्यार्थिनीने विचारले, “चित्र आणि इंद्रजाल ही दोन्ही शास्त्राला चालत असतील, तर मालिकेतल्या नायकावरून एखाद्या देशातल्या माणसांवर जीव जडला, तर त्याला पूर्वराग का म्हणायचे नाही?” वर्गात हशा पिकला. विचारणारी मात्र हसली नव्हती. ती दोन वर्षे स्वतःच कोरियन भाषा शिकत होती आणि सोलला जाण्यासाठी पैसे साठवीत होती.

मी त्या वेळी उत्तर दिले, की शास्त्रातला पूर्वराग एका व्यक्तीविषयी असतो, एखाद्या देशातल्या माणसांविषयी नसतो. हे उत्तर चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते, असे नंतर वाटत राहिले. व्यक्तीवरचे प्रेम प्रतिमेतून उगवले तर शास्त्र त्याला मान्यता देते. मग प्रतिमेतून एका समूहाविषयी ओढ वाटली, आणि त्या ओढीने कोणी प्रवास करून त्या समूहातल्या एखाद्या व्यक्तीपर्यंत पोचले, तर त्यात नेमके काय खटकते? हा प्रश्न केवळ समाजशास्त्रीय नाही. कल्पित साहित्याचा आणि लौकिक जीवनाचा संबंध काय, या साहित्यमीमांसेतील जुन्या प्रश्नाचे ते एक नैतिक रूप आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

प्रथम उदाहरणे पाहू. ‘विंटर सोनाटा’ ही वीस भागांची प्रेममालिका दक्षिण कोरियातील केबीएस वाहिनीने जानेवारी ते मार्च २००२ या काळात दाखविली. जपानमध्ये एनएचकेने ती २००३ मध्ये उपग्रह वाहिनीवर आणि २००४ मध्ये सर्वसाधारण वाहिनीवर आणली. तिच्या चाहत्यांत मध्यमवयीन स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. नायकाची भूमिका करणारा बे योंग-जून एप्रिल २००४ मध्ये टोकियोत आला, तेव्हा विमानतळावर हजारोंचा जमाव लोटला. आदरार्थी प्रत्यय लावून त्याला ‘योन-सामा’ म्हटले जाऊ लागले. मालिकेतील काही प्रसंग चुनचन शहराजवळच्या नामी बेटावर चित्रित झाले होते. १९४४ मध्ये धरणाच्या पाण्यामुळे बेट झालेल्या या जागी, दुतर्फा उंच झाडे असलेल्या त्या वाटेवर, जपानी स्त्रियांच्या सहली येऊ लागल्या. तेथे नायक-नायिकेचा पुतळाही उभा राहिला.

दुसरे उदाहरण तुर्कस्तानचे. ‘ग्युमुश’ ही तुर्की मालिका एमबीसी या अरबी वाहिनीने २००८ मध्ये सीरियन बोलीत भाषांतर करून ‘नूर’ या नावाने दाखविली. पत्नीशी मृदूपणे वागणारा, तिच्या कामाचा मान राखणारा तिचा नायक अरब जगतात अतोनात लोकप्रिय झाला. बॉस्फोरसच्या काठावरचा मालिकेतला वाडा पाहण्यासाठी अरब पर्यटक इस्तंबुलला जाऊ लागले. त्याच वर्षी सौदी अरेबियाच्या मुख्य मुफ्तींनी या मालिकेचा जाहीर निषेध केला.

तिसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे. तेथे दोन वेगळ्या परंपरा एकमेकींशेजारी येतात. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या २०१९-२० मधील कोरियन मालिकेत नायक ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरील इझेल्टवाल्ड गावच्या धक्क्यावर पियानो वाजवितो. सुमारे चारशे वस्तीच्या त्या गावात पूर्व आशियातील पर्यटकांची एवढी रीघ लागली, की २०२३ मध्ये त्या लाकडी धक्क्यावर जाण्यासाठी पाच फ्रँकचे शुल्क बसविण्यात आले. याच परिसरात, इंटरलाकेनमध्ये, २०१६ मध्ये यश चोप्रा यांचा पुतळा उभारला गेला. ‘चांदनी’ (१९८९), ‘डर’ (१९९३) आणि आदित्य चोप्रा यांचा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटांनी भारतीय मध्यमवर्गाच्या मनात ज्या बर्फाळ उतारांचे चित्र रुजविले, त्या उतारांवर महाराष्ट्रातील सहल-कंपन्यांच्या गाड्याही अनेक वर्षे जात आल्या आहेत.

ही उदाहरणे वरवर एकाच जातीची दिसतात. साहित्यशास्त्राची परिभाषा वापरली की त्यांतला भेद स्पष्ट होतो. चोप्रांच्या चित्रपटांत स्वित्झर्लंड हा उद्दीपन विभाव आहे. बर्फ, कुरणे, सरोवर, आगगाडी ही सर्व सामग्री रतिभाव उद्दीपित करते. आलंबन मात्र भारतीयच असते. नायक आपला, नायिका आपली, गाणे आपले. स्वित्झर्लंडची माणसे या दृश्यांत जवळजवळ नसतातच. म्हणून तो चित्रपट पाहून तेथे जाणारे नवविवाहित दांपत्य आपले आलंबन सोबत घेऊन जाते. तेथे त्याला कोणाच्या प्रेमाची अपेक्षा नसते. कोरियन किंवा तुर्की मालिका परदेशी प्रेक्षकाला उद्दीपन तर देतेच, पण आलंबनही देते. नायकच परका असतो. त्यामुळे नामी बेटावर किंवा सोलच्या गल्ल्यांत जाणारी प्रेक्षक-प्रवासी स्त्री अनेकदा एकटी किंवा मैत्रिणींसोबत जाते, आणि आलंबनाची जागा रिकामी ठेवून जाते. पहिल्या प्रकारात परक्या भूमीतल्या माणसांची उपेक्षा होण्याचा संभव आहे. दुसऱ्या प्रकारात त्यांच्याकडून काही मागितले जाते. आपला नैतिक प्रश्न मुख्यतः या मागणीविषयीचा आहे.

३

या मागणीवर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की ती खोट्यावर आधारलेली आहे. कल्पित नायक अस्तित्वात नाही; त्याच्या मोहातून जन्मलेले प्रेम हे प्रेमच नव्हे. हा आक्षेप प्लेटोइतका जुना आहे. अनुकृतीची अनुकृती माणसाला सत्यापासून दूर नेते आणि त्याच्या भावनांना खतपाणी घालते, ही त्याची तक्रार होती. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’मध्ये पाओलो आणि फ्रान्चेस्का लॅन्सलॉटची प्रेमकथा एकत्र वाचता वाचता पापात पडतात, आणि फ्रान्चेस्का पुस्तकालाच दोष देते. फ्लोबेरच्या एम्मा बोव्हारीचा (१८५७) विनाश तर कादंबऱ्यांच्या वाचनातूनच सुरू होतो. आपल्याकडेही फडक्यांच्या कादंबऱ्यांनी तरुण मने बिघडविली, अशी तक्रार ऐकू येत असे. प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर ही तक्रार नवे रूप घेते. नवलाची गोष्ट अशी, की ही चिंता बहुधा स्त्रियांच्या वाचनाविषयी आणि स्त्रियांच्या पाहण्याविषयी असते. चोप्रांचे चित्रपट पाहून स्वित्झर्लंडला निघालेल्या पुरुषाला कोणी भ्रमिष्ट म्हणत नाही.

या आक्षेपाचा पाया कच्चा आहे. प्रतिमेच्या मध्यस्थीशिवाय प्रेम उत्पन्न होते, असे तो गृहीत धरतो. रने झिरार यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की माणसाची अभिलाषा सरळ वस्तूकडे जात नाही; ती कोणा मध्यस्थाच्या आदर्शावरून वळण घेते, आणि मोठ्या कादंबऱ्यांचे सामर्थ्य हे वळण उघड करण्यात असते. आपल्या परंपरेला तर हे मुळापासून ठाऊक आहे. रुक्मिणी कृष्णाला पाहण्याआधी त्याचे गुण ऐकून त्याला वरते. महानुभाव कवी नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत मराठी कवींनी या श्रवणजन्य प्रीतीवर काव्ये रचली. उषेला अनिरुद्ध स्वप्नात दिसतो आणि चित्रलेखेच्या चित्रांतून ती त्याला ओळखते. दमयंतीला नळ कळतो तो हंसाच्या तोंडून. रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला तो हंस मराठी वाचकाला विसरता येण्यासारखा नाही. हंस हा प्रामाणिक साक्षीदार होता, असेही नाही. नळाने त्याला पकडून सोडून दिले होते, आणि त्या उपकाराची फेड म्हणून तो गुण गात होता. आजच्या भाषेत बोलायचे तर तोही प्रचारकच होता. तेव्हा प्रतिमेतून प्रेम उगवणे हाच दोष मानला, तर दमयंतीलाही दोषी ठरवावे लागेल.

४

दुसरी भूमिका याच्या उलट टोकाची आहे. तिच्या मते कलाकृतीचे विश्व स्वायत्त असते. त्यातील पात्रांना लौकिक जगात शोधणे ही कोटीची गल्लत आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) ज्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी ध्रुवांची सविस्तर चर्चा केली, त्यांतील पहिल्या ध्रुवाशी ही भूमिका जवळची आहे. ती मानणारा म्हणेल, की नामी बेटावर जाणाऱ्या प्रेक्षकाला कला कळलेलीच नाही. ज्याला रस कळला तो घरीच थांबतो.

ही भूमिका दोन कारणांनी अपुरी पडते. एक, त्या प्रवासी स्त्रियांना नायक कल्पित असल्याचे ठाऊक नसते, असे समजण्यास आधार नाही. पुतळ्याशेजारी उभी राहून छायाचित्र काढून घेणारी स्त्री पुतळ्याला माणूस समजत नाही. तिला ठाऊक आहे की हा खेळ आहे, आणि तरीही खेळाच्या पलीकडे काहीतरी आहे अशी तिला आशा आहे. पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्याची श्रद्धा आणि या प्रवाशाची आशा यांना एका तागडीत तोलता येणार नाही, हे खरे. तरीसुद्धा ऐकलेल्या कथेच्या जागी जाऊन उभे राहावे, ही प्रेरणा मानवी संस्कृतीत नवी नाही. दोन, या मालिका आता स्वतःला स्वायत्त कलाकृती म्हणून पुढे ठेवत नाहीत. चित्रणस्थळे, सहली, उपाहारगृहे, प्रसाधने, भाषावर्ग या सर्वांशी त्यांचे दुवे जोडलेले असतात, आणि दक्षिण कोरियाच्या पर्यटन-प्रचारात मालिकांचा हेतुपुरस्सर उपयोग केला जातो. लौकिकात उतरण्याचे आमंत्रण कलाकृतीभोवतीची व्यवस्थाच देते. आमंत्रण स्वीकारणाऱ्याला नंतर कोटीच्या गल्लतीबद्दल दटावणे न्याय्य नाही.

तेव्हा प्रेम खोटे असल्याचा आक्षेप टिकत नाही आणि ते अरसिकतेचे लक्षण असल्याचाही टिकत नाही. तरी काहीतरी खटकते. ते कोठे आहे, हे शोधण्यासाठी साधारणीकरणाच्या कल्पनेकडे वळावे लागते.

५

भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची संकल्पना थोडक्यात अशी: काव्यातले विभावादिक विशिष्ट व्यक्ती, देश आणि काळ यांच्या बंधनांतून मोकळे होतात, म्हणूनच रसिकाला रसाचा आस्वाद घेता येतो. ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरणाचे भय हे या हरणाचे, त्या रानातले, त्या दिवशीचे भय उरत नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत एक विघ्न असे आहे, की रसिक ‘हे माझे’ किंवा ‘हे दुसऱ्याचे’ अशा भावाने विशिष्ट देशकाळाच्या आवेशात अडकतो. या दृष्टीने पाहता मालिका-पर्यटनाने या विघ्नालाच उद्दिष्टाचे स्वरूप दिले आहे. जो देश आणि जो काळ गळून पडायचा, तोच विकत घ्यायचा असतो.

परंतु येथे केवळ रसभंग होतो, असे नाही. नैतिकदृष्ट्या महत्त्वाची घटना वेगळीच आहे. साधारणीकरणात नायकाचे वैशिष्ट्य गळते: तो अमक्याचा मुलगा, अमक्या घरातला, अमक्या स्वभावाचा राहत नाही. त्याचबरोबर त्याचा देश आणि वंशही गळायला हवा. तसे झाले तर प्रेक्षकाच्या हाती शुद्ध रती लागते, जी कोणत्याही देशातल्या, अगदी शेजारच्या घरातल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टीही बदलू शकते. प्रत्यक्षात मात्र साधारणीकरण अर्ध्यावर थांबते. व्यक्ती गळते, पण देश उरतो. नायकाचे नाव, घर, इतिहास हे सर्व जाते आणि ‘कोरियन पुरुष’ तेवढा शिल्लक राहतो. हा अर्धवट साधारणीकृत नायक म्हणजेच साचा. साधारणीकरण आणि साचेबंदपणा यांत सामान्याकडे जाण्याची क्रिया समान दिसते, म्हणून त्यांची गल्लत होते. त्यांतला फरक मूलगामी आहे. साधारणीकरण विशिष्टाला माणसापर्यंत नेते. साचा त्याला जमातीपाशी अडवून ठेवतो.

माझ्या वर्गातल्या उत्तराचा अपुरेपणा आता दिसतो. व्यक्तीऐवजी समूह हे आलंबन झाले, एवढ्यानेच ओढ सदोष होत नाही. एखाद्या भाषेविषयी, लोकांविषयी, त्यांच्या जगण्याविषयी ओढ वाटणे ही मानवी देणगी आहे. दोष येतो तो त्या समूहातली कोणतीही व्यक्ती त्या जागी चालेल, असे वाटू लागल्यावर. प्रेमाचा दावा असा असतो, की या माणसाची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही. साच्याचा दावा असा असतो, की या वर्णनाचा कोणीही येवो. जे प्रेम दुसरा दावा मनात ठेवून पहिल्या दाव्याची भाषा बोलते, ते समोरच्याला फसविते, आणि कांटच्या परिभाषेत त्याला निव्वळ साधन बनविते. मग तो साचा कितीही गोड असो.

विलक्षण गोष्ट ही, की ‘विंटर सोनाटा’च्या कथानकाच्या मध्यभागी हाच प्रश्न आहे. नायिकेचा पहिला प्रियकर अपघातात गेला असे तिला सांगण्यात आलेले असते. दहा वर्षांनी हुबेहूब त्याच्या चेहऱ्याचा दुसरा माणूस तिला भेटतो. आपण या माणसावर प्रेम करतो, की याच्या चेहऱ्यातून दिसणाऱ्या त्या मृतावर, हा पेच तिच्यापुढे आहे. आणि आपल्याला कोणाची तरी सावली मानले जात आहे काय, हा पेच त्याच्यापुढे. लेखकांनी हा पेच नीट उभा केला. पुढे मात्र स्मृतिभ्रंशाची युक्ती वापरून तो दुसरा माणूस म्हणजे तो पहिलाच होता, असे त्यांनी उघड केले. म्हणजे कथानकाने नैतिक प्रश्न सोडविला नाही, चुकविला. प्रतिमा आणि माणूस एकच निघाले. प्रत्यक्ष जीवनात अशी सोय नसते. तेथे तोच चेहरा असलेला माणूस नेहमीच दुसरा असतो.

६

गोड साच्याने कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. येथे सत्तेचा आणि इतिहासाचा विचार करावा लागतो.

कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या वसाहतीखाली होता. १९७० च्या दशकात जपानी पुरुषांच्या झुंडी ‘किसेंग’ सहलींच्या नावाखाली शरीरसुखासाठी कोरियात जात, आणि दोन्ही देशांतील स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध निषेध नोंदविला होता. या पार्श्वभूमीवर २००३-०४ नंतर जपानी स्त्रिया एका कोरियन पुरुषाची सौम्य प्रतिमा मनात घेऊन त्याच देशात जाऊ लागल्या, ही इतिहासाची उलटी दिसणारी गती होती. यात स्वागतार्ह असे काही नव्हते, असे म्हणता येणार नाही. ज्या लोकांकडे हीनतेने पाहण्याची सवय होती, त्यांच्याकडे आदराने पाहिले जाऊ लागले. अनेकींनी कोरियन भाषा शिकायला घेतली. आपल्या संसारात जे मार्दव लाभले नाही, त्याचे नाव त्यांना सापडले. प्रतिमेने स्वतःच्या घराकडे चिकित्सेने पाहायला शिकविले, तर तिने नैतिक कार्यच केले. अरब देशांतल्या ‘नूर’च्या प्रेक्षक-स्त्रियांबाबतही हेच म्हणता येईल. निषेध करणाऱ्यांना बहुधा तीच गोष्ट खुपली असावी.

परंतु हीच प्रतिमा घर सोडून प्रवासाला निघते आणि परक्या माणसापुढे उभी राहते, तेव्हा तिचे कार्य पालटते. मिन जू ली या संशोधिकेने सोलमधील प्रवासी-वसतिगृहांत उतरलेल्या, मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोप येथून आलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. मालिकांतल्या नायकांसारखे हळुवार पुरुष शोधीत अनेकजणी आल्या होत्या. त्यांतील काहींना असे पुरुष भेटले, ज्यांच्या मनात परदेशी स्त्रीविषयीचा साचा आधीच तयार होता: ती सहज उपलब्ध असते. येथे दोन साचे परस्परांना भेटतात, माणसे भेटतच नाहीत. एका बाजूचा साचा स्तुतीचा आहे आणि दुसऱ्या बाजूचा अवमानाचा, म्हणून त्यांचे नैतिक वजन सारखे आहे असे मी म्हणत नाही. अवमानाचा साचा स्त्रीच्या सुरक्षिततेलाच हात घालतो. पण दोन्हींची रचना एकच आहे. स्तुतीच्या साच्यातही त्याला न जुळणारा माणूस शिक्षेला पात्र ठरतो: तो रागीट निघाला, ओबडधोबड निघाला, कर्जबाजारी निघाला, की त्याने माणूस म्हणून चूक केली असे न मानता वचन मोडले असे मानले जाते, आणि ते वचन त्याने कधी दिलेलेच नसते.

आपल्याला या गोष्टीची कल्पना येण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. गोव्याचा माणूस याची साक्ष देऊ शकेल. ‘दिल चाहता है’ (२००१) नंतर शापोऱ्याच्या किल्ल्यावर तीन मित्रांच्या त्या दृश्याच्या शोधात तरुणांची रीघ लागली. यात फारसे कोणाचे बिघडत नव्हते. पण हिंदी चित्रपटाने त्याआधी कित्येक दशके गोव्याची, विशेषतः ख्रिस्ती गोवेकर स्त्रीची, जी मोकळीढाकळी प्रतिमा रंगविली, तिचे मोल तेथील स्त्रियांना समुद्रकिनाऱ्यावर आणि बसथांब्यावर चुकवावे लागले. २०११ मध्ये ‘दम मारो दम’ या चित्रपटातील गोव्याच्या स्त्रियांविषयीच्या एका संवादावर गोव्यात तीव्र आक्षेप घेतले गेले. केवळ प्रतिष्ठेच्या कारणाने हे आक्षेप उमटले, असे नाही. त्या संवादावर विश्वास ठेवून येणारा प्रवासी आपल्या दारात उभा राहणार आहे, हे तेथील स्त्रियांना अनुभवाने ठाऊक होते.

प्रतिमेचे ओझे सर्वांत जड कोणावर पडते, हेही पाहिले पाहिजे. पर्यटक म्हणून आलेली स्त्री निराश झाली तर परतीचे तिकीट तिच्यापाशी असते. दलालांमार्फत ग्रामीण दक्षिण कोरियात लग्न होऊन गेलेल्या व्हिएतनामी वधूपाशी ते नसते. २०१० च्या जुलैत बुसान येथे वीस वर्षांची एक व्हिएतनामी वधू कोरियात आल्यापासून आठवड्याभरातच मनोरुग्ण पतीच्या हातून मारली गेली, आणि या विवाहव्यवस्थेविषयी दोन्ही देशांत संताप उसळला. या हत्येचा दोष मालिकांवर ठेवणे अन्यायाचे होईल. तिची कारणे दारिद्र्यात, दलालीत आणि कायद्याच्या ढिलाईत होती. तिचा उल्लेख येथे केला तो इतक्यासाठीच, की प्रतिमा आणि माणूस यांतले अंतर कापण्याची संधी सर्वांना सारखी मिळत नाही. एकीला वेळ असतो, भाषा असते, पैसा असतो. दुसरीला पतीचे छायाचित्र आणि काही दिवसांची मुदत. म्हणून प्रतिमेतून प्रेम करणाऱ्याने सावध असावे, हा उपदेश पुरेसा नाही. सावध राहण्याची साधने कोणाला उपलब्ध आहेत, हाही नीतीचाच प्रश्न आहे.

७

आता पुन्हा दमयंतीकडे येऊ. वनपर्वातील नलोपाख्यानात स्वयंवराच्या वेळी इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचे रूप घेऊन बसतात. दमयंतीपुढे पाच नळ असतात. या प्रसंगाकडे सामान्यतः पातिव्रत्याच्या कसोटीचा प्रसंग म्हणून पाहिले जाते. मला त्यात वेगळी कसोटी दिसते. हंसाने वर्णिलेली प्रतिमा त्या पाचांनाही सारखीच लागू पडत होती. किंबहुना देवांना ती अधिक निर्दोषपणे लागू पडत होती. म्हणजे ज्या प्रतिमेने प्रीती जागविली, ती प्रतिमा निवडीच्या क्षणी निरुपयोगी ठरली. दमयंतीने जी चिन्हे पाहिली, ती हंसाने सांगितलेल्या गुणांपैकी नव्हती. देवांना घाम येत नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, त्यांच्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भूमीला टेकले नव्हते. एकाची सावली पडली होती, त्याच्या अंगावर धूळ आणि घाम होता, माळ सुकली होती. तिने त्याला वरले.

पडद्यावरचा नायक हा त्या देवांसारखा असतो. त्याची माळ कोमेजत नाही. त्याच्यावर जीव जडण्यात गैर काही नाही. दमयंतीलाही देवांसारख्याच निर्दोष वर्णनाने वेड लावले होते. प्रश्न पुढचा आहे. परक्या देशात एक माणूस समोर येतो, तेव्हा त्याचा घाम आणि धूळ ही प्रतिमेतली खोट मानायची, की ओळखीची खूण मानायची? पहिला मार्ग घेतला तर तो माणूस केव्हाही नापास होणार, आणि त्याच्या जागी त्याच वर्णनाचा दुसरा शोधला जाणार. दुसरा मार्ग घेतला तर प्रतिमेने आपले काम केले आणि ती बाजूला झाली, असे म्हणता येईल.

यावर कोणी म्हणेल, की हे आदर्शीकरण झाले. दमयंतीने ओळखलेला नळ पुढे द्यूतात राज्य हरला आणि तिला रानात टाकून गेला. हा आक्षेप मान्य करावाच लागेल. खुणा ओळखल्याने सुखाची हमी मिळत नाही. पण आख्यान तेथे थांबत नाही. विरूप होऊन बाहुक नावाने वावरणाऱ्या नळाला ती पुन्हा शोधून काढते, तेव्हाही त्याचे रूप उपयोगी पडत नाही. त्याने रांधलेल्या अन्नाची चव तिला पटते. आता हंसाची प्रतिमा पूर्ण नाहीशी झालेली असते आणि उरलेला माणूस मात्र दुसऱ्या कोणाने भरून न निघणारा असतो. ती त्याला जाब विचारते, आणि मगच स्वीकारते. समूहाच्या साच्याला जाब विचारता येत नाही. जाब एका माणसालाच विचारता येतो, आणि प्रेमात न्यायाला जागा उरते ती त्यामुळेच.

त्या विद्यार्थिनीला आता काय सांगावे, याचा मी विचार केला. सोलला जाऊ नकोस, असे मी सांगणार नाही. तो अधिकार मला नाही आणि कारणही नाही. तिच्या ओढीला पूर्वराग म्हणावयास माझी आता हरकत नाही. पूर्वराग हा शृंगाराचा आरंभ आहे, एवढेच शास्त्राने म्हटले आहे. तो पुरेसा आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. तिने दोन वर्षे त्या लोकांची भाषा शिकण्यात घालविली, ही गोष्ट मात्र मला आरंभी कळली त्याहून महत्त्वाची वाटते. मालिका उपशीर्षकांवर पाहता येते. साच्याशी बोलायला भाषा लागत नाही. समोरचा माणूस कंटाळला आहे, खोटे बोलतो आहे, आईविषयी बोलताना अडखळतो आहे, हे कळायला ती लागते. त्या देशात गेल्यावर तिला जे ऐकू येईल, ते मालिकेत ऐकलेल्यापेक्षा वेगळे असेल. ते ऐकून घेण्याची तिची तयारी असेल, तर वर्गात पिकलेल्या हशाचे आपण काही देणे लागतो, असे तिने मानण्याचे कारण नाही.